संकासुराच्या टोपीचं अस्तर

मित्रांनो, मला पाहून आधी हसून घ्या. काळी, उंच, टोकदार, आणि पुढे लाल कापडाची लोंबती जीभ. मी दशावतारातल्या संकासुराची जुनी टोपी आहे. लोकांना हसवणं हाच माझा धंदा, पण आज सांगते ते हसण्यासारखं नाही.

आचऱ्याच्या शेवंतीनं मला १९५१ साली आपल्या हातानं शिवलं. तिचा नवरा लवू नाटकमंडळीत संकासूर करायचा. आदल्याच वर्षी त्यांचा मुलगा नवव्या दिवशी गेला होता. बाळाची नाळ पुरली होती तिथं शेवंतीनं माड लावला, आणि बाळाच्या दुपट्याचं मऊ कापड मला आतून अस्तर म्हणून घातलं. नवऱ्याच्या कपाळाला काचू नये, एवढाच तिचा हेतू.

रोज सकाळी ती माडाला पाणी घाली आणि पोटच्या मुलाला म्हणावं तसं हळूच म्हणे, "पी रे झिला." हे फक्त लवूला ठाऊक होतं. मलाही होतं, मी खुंटीवर असे.

लवूनं तिला एक गोष्ट बजावली होती. "माझो खेळ तू बघूचो नाय. तू समोर बसलंस की माझी जीभ अडखळता." बिचारीला वाटलं, केवढी ही माया. बारा वर्षं गावात जत्रा भरली आणि ती घरी बसली. विहिरीवरच्या बायका तिला बघून तोंडाला पदर लावत. आपल्या घोवानं हसवलेलं यांचं अजून ओसरलं नाही, असं तिला वाटे.

१९६३ साली लवू तापानं गेला. शेवंतीनं मला पेटीत वाळ्याची मुळं घालून ठेवलं. रोज काढून पुसायची. "तेंनी माणसा हसवल्यानी, पण घरातला घरात ठेवल्यानी," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. टोपी काय बोलणार म्हणा, पण बोलता आलं असतं तरी माझी छाती झाली नसती.

वर्षश्राद्धाला मंडळीतला सत्यवान आला. आता संकासूर तो करायचा. जेवणं झाल्यावर म्हणाला, "वयनी, लवूदादाची टोपी माका दी. तेचे सगळे बोल माका पाठ आसत." आमच्यात लिहिलेलं काही नसतंच, ऐकायचं आणि उचलायचं. मला डोक्यावर चढवून तो अंगणात, खळ्यात उभा राहिला. वहिनीला बरं वाटावं म्हणून त्यानं सगळ्यात गाजलेला बोल निवडला.

"माझ्या बायलेक झील झालो, माडाचो. रोज तेका पाणी पाजता. झील बापाशीवर गेलो बघा. वाढान आभाळाक लागलो, पण डोक्यात नुसता पाणी."

सगळे हसले. सवयच होती ती. मग एकेकाला शेवंती दिसली आणि हसणं विरलं.

"ह्या ते खंय बोलले?" तिनं विचारलं.

"खंय म्हणजे? सगळीकडे. मसुऱ्याक, खारेपाटणाक, हय आपल्या देवळात. तुमका म्हायत नाय?" सत्यवान पुरता गोंधळला.

तिनं हात पुढे करून मला मागून घेतलं. कातर आणली, पायरीवर बसली. "तू तेंच्या डोक्यार होतंस. बारा वर्षां सगळा आयकलंस," ती मला म्हणाली, "आणि ता पण माझ्या पोराचा कापाड लावन." मग एकेक टाका उसवून तिनं दुपट्याचा तुकडा सोडवला, घडी करून कमरेला खोचला. उरलेली मी तिनं सत्यवानाला दिली. "घेवन जा. तो बोल तेवढो सोड."

त्यानं मान डोलावली. पुढल्याच जत्रेत लोकांनी "माडाचो झील" म्हणून ओरडा केला, आणि गड्यानं सोडलेला बोल परत धरला. हल्ली मी त्याच्या कपाळाला काचते. मुद्दाम काचते.

मित्रांनो, घरचं माणूस विश्वासानं काही सांगतं, ते आतच जपा. टाळ्यांसाठी उलटून दाखवू नका. त्या दिवशी सत्यवानाच्या काखेतून जाताना मी शेवंतीला शेवटचं पाहिलं. ती कळशी घेऊन माडाशी उभी होती. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे कुणी आहे का ते तिनं आधी पाहिलं, पाणी ओतलं, आणि काही न बोलता घरात गेली.