वालाच्या वेलावरची चिंधी

मी एक जुनी चिंधी आहे. नाक मुरडायचं तर आत्ताच मुरडा, मित्रांनो. मग ऐका.

मी नंदाच्या आईच्या लाल लुगड्याचा तुकडा. नंदा हाडाची शेतकरीण. नवऱ्याबरोबर जर्मनीत गार्चिंगला आली आणि भाड्याच्या जमिनीत वाल लावू लागली. वेल नुसता पानांनी माजायचा. फुलं येईतो थंडी यायची, आणि एका सकाळी सगळं काळं पडायचं. शेजारच्या वाफ्यातले हान्सकाका म्हणायचे, "नंदा, कोबी लाव, कोबी!"

नंदा कसली ऐकते! जो वेल सगळ्यांत आधी फुलेल, त्याला ती मला बांधायची. हाती लागतील ते दाणे पुढच्या वर्षी पेरायची. गावाकडे बियाण्याच्या वेलाला चिंधी बांधतात. मग त्याची शेंग कोणी तोडत नाही.

२०१६ साली एक वेल ऑगस्टातच फुलला, शेंगांनी लगडला. मला बांधताना नंदा गुणगुणत होती.

सप्टेंबरात तिच्या नवऱ्याच्या, यशपालच्या, ऑफिसातली माणसं बाग बघायला येणार होती. त्याला माझी लाज वाटली. त्याने मला सोडलं आणि खिशात कोंबलं. लाज कसली? मी राखण करत होते! पाहुण्यांना भाजी हवी म्हणून, गावाहून आलेल्या त्याच्या आईने नेमक्या त्याच वेलाच्या शेंगा तोडल्या.

टोपली बघून नंदा वेलाकडे धावली.

"अगं, चिंधी नव्हती त्याला," सासूबाई म्हणाल्या. "असती तर मी हात लावला असता का?"

यशपालने मला खिशातून काढलं. "आई, मीच सोडली."

तेवढ्यात उंच हान्सकाका कुंपणापलीकडून ओरडले, "नंदा, वर बघ!"

वेल चढवलेल्या काठीच्या टोकाला एक शेंग उरली होती. सासूबाईंनी स्वतः मला त्या वेलाला बांधलं. कडाका पडू लागला तसा आपल्या अंगावरची शालही त्याला गुंडाळली.

"आई, अहो, तुम्हाला थंडी वाजेल!"

"मी घरात बसेन, पोरी. याला कुठे घर आहे?"

त्या शेंगेत तीन दाणे निघाले. पुढच्या उन्हाळ्यात तिन्ही वेल जुलैतच फुलले. आता हान्सकाकांच्या कुंपणावरही वाल चढतो, कोबीच्या शेजारी.

मी विरले आहे. गाठ मारली की फाटते. यंदा नंदाने सासूबाईंच्या जुन्या पातळाची नवी चिंधी फाडली. मला वाईट वाटलं नाही. एवढंच सांगते, मित्रांनो: कुठे चिंधी बांधलेली दिसली, तर सोडण्याआधी विचारा, ही कोणाला जपते आहे?