एडविनने न सांगितलेला सूर्य

दूर उत्तरेकडच्या स्कारविक गावात सूर्य परत येतो तो एडविनच्या सांगण्यावरून. नोव्हेंबर संपता संपता तो डोंगराआड जातो आणि जानेवारी सरताना तोंड दाखवतो. एडविनचं घर सगळ्यांत उंचावर, त्यामुळे पहिला दिसतो त्याला. मग एडविनने खाली योर्दिसच्या बेकरीत फोन करायचा, योर्दिसने जॅम भरलेले सूर्यपाव वाटायचे आणि शाळेने सुट्टी द्यायची. एडविनच्या आधी हे काम त्याच्या बापाकडे होतं.

यंदा फोन आला नाही.

एडविन पांघरुणात होता. दर हिवाळ्यात तो थोडा मिटायचाच, पण यंदा मिटला तो मिटलाच. डॉक्टरांनी उन्हाऐवजी समोर लावून बसायला दिलेला प्रखर दिवा त्याने चार दिवस लावला आणि मग त्यावर मोजा चढवला. मरायचं वगैरे त्याच्या मनात नव्हतं. कुणी आपल्याकडून कसलीही अपेक्षा ठेवू नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि दात घासणं हीसुद्धा आता त्याला अपेक्षाच वाटायला लागली होती. एके दुपारी पडद्याच्या कडेला पिवळी रेघ उमटली तेव्हा त्याने कूस बदलली. आला असेल तर येईना का. आपल्यावाचून कुणाचं काय अडतंय?

अडलं ते अख्ख्या गावाचं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. स्कारविकचं कोंबडं आपणच पांघरूण ओढून पडलं होतं, आणि तांबडं फुटूनही गाव ते मानायला तयार नव्हतं. पहिल्या दिवशी सूर्य जेमतेम कपाळ दाखवून गेला, तेव्हा लोकांनी बुटांकडे बघितलं. पुढे तो तासभर थांबायला लागला. पोस्टमन भर उन्हात कपाळावरचा दिवा लावून पत्रं वाटू लागला. हेडमास्तर टोरमुड बर्फावर पडलेली स्वतःची सावली ओलांडून जायचा. खिडकीत ऊन खात बसलेल्या मांजरीला शिस्त नाही म्हणून घरात ओढलं गेलं.

"सर, डोळ्यांत जातंय," वर्गातली एक पोरगी म्हणाली.

"काय जातंय?"

तिने जरा विचार केला. "काही नाही, सर."

शेवटी योर्दिस गुडघा धरत टेकडी चढली. शाळेत ती आणि एडविन एका बाकावर बसत. ती खोलीत आली तेव्हा तिच्या कपाळावर दिवा जळत होता आणि नाक उन्हाने भाजून लालबुंद झालं होतं.

"काय हा काळोख," खुर्चीत बसत ती म्हणाली. "चढताना दोनदा धडपडले."

"योर्दिस, ऊन पडलंय."

"कोण म्हणतं?"

"तुझं नाक म्हणतंय."

"नाकाला काय कळतं. ते थंडीने झालंय."

"अगं, सगळ्यांना दिसतोय तो. तुम्हीच जाहीर करा आणि खा ते पाव."

"दिसणं वेगळं, सांगणं वेगळं. सांगायचं काम तुझं. तू नाही म्हणालास तर नाही. आम्ही थांबू."

"आणि मी उठलोच नाही तर?"

योर्दिसने कपाळावरचा दिवा सारखा केला. "मग यंदा अंधारच," ती म्हणाली. "एकट्याला अंधारात ठेवून पाव घशाखाली उतरत नाहीत रे."

"वेडे आहात सगळे," एडविन ओरडला. कित्येक आठवड्यांनी त्याला काहीतरी वाटलं होतं, आणि तो राग होता. त्या रागाच्या भरात तो उठला, अनवाणी खिडकीशी गेला आणि त्याने पडदा खस्सकन ओढला. "हा बघ. हा काय आहे मग?"

योर्दिसने खिडकीकडे पाठ केली. "मला असं सांगून चालणार नाही. फोन बेकरीत यायला हवा. मी खाली पोचेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेव. गेला तर पंचाईत व्हायची."

ती निघाली. घसरड्या वाटेवर तिचा गुडघा धड चालेना. एडविन काचेशी उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. तिची लांबलचक सावली तिच्याबरोबर लंगडत होती. ऊन त्याच्या तोंडावर, वाढलेल्या दाढीवर, चुरगळलेल्या सदऱ्यावर पडलं होतं. मध्येच त्याला पायांना गार लागलं म्हणून त्याने दिव्यावरचा मोजा काढून पायात घातला. दुसरा सापडला नाही. योर्दिस बेकरीच्या दारात शिरली तेव्हा तो रडत होता, आणि का ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने नंबर फिरवला.

"आला," तो म्हणाला.

"नक्की? नीट बघितलंस?"

एडविनने पुन्हा बघितलं. "हो. नक्की."

खाली पोस्टमनने कपाळावरचा दिवा विझवला. टोरमुड शाळेतून पळत बाहेर आला आणि आकाशाकडे बघून दचकला. पोरं किंचाळत सुटली.

"जरा उशीरच झाला यंदा त्याला," योर्दिस फोनवर म्हणाली.

"हो," एडविन म्हणाला. "माझा पाव ठेव. मी खाली येतो."