पोफळीच्या वाडीतली घोणस

श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावात भावना अंगणवाडी चालवते. दर शनिवारी सकाळी ती पोरांना रत्नपालदादांच्या पोफळीच्या वाडीत घेऊन जायची. तिथे सगळ्यांनी डोळे मिटून जमिनीवर बसायचं, अजिबात बोलायचं नाही आणि कानावर किती आवाज येतात ते बोटांवर मोजायचं. सुरुवातीला पोरं दोन मिनिटंही टिकायची नाहीत. चार महिन्यांनी मात्र सगळ्यात चुळबुळ्या सिद्धेशसुद्धा पाच मिनिटं बसू लागला होता.

जानेवारीतला शनिवार होता. मदतनीस सखुबाई खिचडी शिजवायला अंगणवाडीतच थांबली होती, त्यामुळे नऊ पोरांबरोबर भावना एकटीच होती. पोरं अर्धगोलात बसली. भावना त्यांच्यासमोर उभी राहिली.

मनालीच्या मागे गळून पडलेल्या झावळ्यांचा ढीग होता. त्यातून काहीतरी सरकलं. भावनाला आधी घूस वाटली. मग ढिगातून मनगटाएवढं जाड अंग बाहेर येऊ लागलं. पाठीवर तपकिरी ठिपक्यांची साखळी होती.

घोणस.

ओरडलं तर पोरं उठतील, धावतील, एखाद्याचा पाय तिच्यावर पडेल. काठी जवळ नव्हती. पिशवीतला फोन पार कुंपणाशी. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला पाऊण तास, तेही गाडी मिळाली तर. घोणस चावलेल्या माणसाचा पाय भावनाने एकदा पाहिला होता.

घोणस मनालीच्या डाव्या बाजूला आली. मनाली पाच वर्षांची. तिचा फ्रॉक मातीवर पसरला होता.

"बाई, उघडू डोळे?" सिद्धेशने विचारलं. तो मनालीच्या शेजारीच होता.

"नको." आपला आवाज कापू नये म्हणून भावनाने नखं तळहातात रुतवली. "अजून एक आवाज उरलाय. लांबचा आहे, समुद्राचा. तो नीट ऐकायचा. हात मांडीवर. कुणी हलायचं नाही."

"मला येत न्हाय ऐकू."

"येईल. श्वास हळू घे, मग येईल."

सिद्धेशने मोठ्ठा श्वास घेतला. घोणस थांबली. तिने डोकं किंचित उचललं. भावनाला वाटलं, आता संपलं. पण सिद्धेशने श्वास हळूच सोडला आणि तो तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने घोणस मनालीच्या फ्रॉकच्या कडेवरून सरकत पुढे निघाली. ते अंग संपता संपत नव्हतं. शेवटी शेपूट पाण्याच्या पाटाच्या कडेवरून खाली गेलं, आणि पाटापलीकडचा पाचोळा सळसळला.

भावनाने मनात वीस आकडे मोजले. मग म्हणाली, "आता उघडा. एकेक जण हळू माझ्याकडे या."

पोरांना तिने वाडीबाहेर रस्त्यावर आणलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं. मग ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

मनाली तिच्याजवळ आली. "बाई, मी मधेच डोळे उघडले व्हते."

भावनाने विचारलं, "काय दिसलं?"

"जनावर. माझ्या फ्रॉकावर व्हतं. मंग मी परत मिटले."

"भीती वाटली?"

"व्हय." मनालीने मान खाली घातली. "शू झाली. पण हलले न्हाय मी."

भावनाने तिला पोटाशी धरलं. तेव्हा कुठे भावनाला रडू आलं.

दुपारी तिने प्रत्येक घरी जाऊन झालेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मनालीची आई किशोरी दारातच उभी राहून म्हणाली, "पोरीला शिकायला पाठवते मी, जनावराम्होरं बसायला न्हाय." किशोरीचं काही चुकत नव्हतं.

सोमवारी चारच पोरं आली. शनिवारची वाडी बंद झाली. भावना स्वतः रात्री दचकून उठायची आणि अंथरूण झटकून पाहायची.

तिसऱ्या आठवड्यात किशोरी मनालीला घेऊन अंगणवाडीत आली. "पहिल्या चार राती झोपली न्हाय ही," ती म्हणाली. "आता रोज इचारते, वाडीत कधी जायचं. जनावर गेलं कुठं ते तिला बघायचंय." मग म्हणाली, "मी पण येते. मलाच भ्या वाटतंय."

त्या शनिवारी रत्नपालदादांनी आधी झावळ्यांचे ढीग उचलले आणि मोकळी जागा झाडून दिली. भावनाने काठी आपटत सगळीकडे फिरून पाहिलं. सहा पोरं बसली. तिने मनालीला सांगितलं, "उघडे ठेवलेस तरी चालतील डोळे."

मनालीने एकदा पाटाकडे बघितलं आणि डोळे मिटले. तिच्यामागे किशोरी उभी होती. तिची नजर जमिनीवरून हलत नव्हती. भावनाचीही नाही. हातातली काठी तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखू लागली.