करडीच्या तेलाची नदी

मी करडीचं तेल बोलतोय. हो, तेच, भजी तळायचं. पण भजी जरा बाजूला ठेवा, मला एका नदीविषयी सांगायचंय.

माझा जन्म नळदुर्गजवळच्या काळ्या रानातला. करडी मोठी काटेरी. कापणाऱ्या बायका हाताला चिंध्या बांधून येतात आणि वर आम्हालाच शिव्या देतात. घाण्यावर पिळून निघालो आणि महादेवीबाईंच्या फडताळात येऊन बसलो. शेजारी शेंगदाण्याचं तेल. बाटल्या सारख्या, दोन्ही अर्ध्या. सगळा घोळ तिथूनच झाला.

बाईंचे मालक उमाशंकर मास्तर. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तैलरंगात झाडं काढावीत तर त्यांनीच, पाणी मात्र जन्मात कधी साधलं नाही. त्यांची थोरली बहीण इरम्माक्का आता कायमची पुण्याला, लेकाकडे निघाली होती. म्हणाली, "आपल्या गावची बोरी नदी काढून दे रं मला. तिकडं भिंतीला लावते." गाडी पंधरा दिवसांनी, शुक्रवारी येणार होती.

मास्तरांनी काठावरच्या जांभळी, करंज काढले. पाण्याला हात घालणार तोच रंगात घालायचं जवसाचं तेल संपलं.

"महादेवी, करडीचं तेल दे गं वाटीत. त्येबी वाळतंय."

भाकरी थापता थापता बाईंनी वाटी भरून दिली. मी रंगात मिसळलो. मास्तरांनी झाडांचा हिरवा काळोख कुंचल्यानं सरळ खाली ओढला, मग कोरडा रुंद कुंचला हलक्या हातानं त्यावरून आडवा फिरवला. आणि काय सांगू! जांभळी पाण्यात उतरल्या. मास्तरांना जन्मात पहिल्यांदा पाणी साधलं. मला तर भरून आलं.

दुसऱ्या दिवशी फोडणी घालताना बाईंचा हात थबकला. त्या तशाच बाहेर आल्या.

"आवो, म्या तुमाला शेंगाचं तर दिलं न्हाय ना? मला काय केल्या आठवंना."

मास्तरांचा चेहरा उतरला. शेंगदाण्याचं तेल वर्षभर ठेवलं तरी वाळत नाही. "तसं आसंल तर गुरुवारी समदं पाणी खरडून काढावं लागंल," ते म्हणाले. "आन् हात पुन्यांदा असा बसंल, ह्याचा भरवसा न्हाय."

तेल गेलं, तूप गेलं, अशी गत! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो बाई, मीच आहे तो! पण तेलाला कुठलं तोंड?

रोज सकाळी मास्तर करंगळी टेकवत. चिकट. रोज बाई चित्र उन्हात नेत, वर जुनं पातळ बांधत आणि माश्या हाकत बसत. जेवणावरची त्यांची वासनाच उडाली होती. तेरा दिवस मी जीव खाऊन वाळत होतो. आम्ही करडीवाले तसे संथच.

गुरुवारी मास्तर सुरी घेऊनच आले. करंगळी टेकवली. बोट कोरडं.

"महादेवी, वाळलं की गं!"

"दाबून बघा. नीट दाबा."

त्यांनी दाबलं. पुन्हा कोरडं. बाई पदरात तोंड घालून रडत रडत हसायला लागल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

शुक्रवारी इरम्माक्का आली. चित्रापुढं उभी राहिली. मग पाण्याकडे हात करून म्हणाली, "हितं म्या तुजी लंगोटं धुतली रं." मास्तर पोरासारखे लाजले.

माझा वाटीभर अंश आता अक्काबरोबर पुण्याला चाललाय, पाणी होऊन. उरलेला मी इथंच, बाटलीत. वाटेला लावण्याआधी अक्काला जेवू घालायचंय. बाईंनाही इतक्या दिवसांनी आज भूक लागलीय, आणि आज त्यांनी बाटलीचा वास घेऊन, खात्री करून मला उचललंय. कढई तापली. मोहरी घेतली.

बरंय मंडळी, येतो.