बेदाण्यातली गोळी

मेट्रनबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी इमारतीत त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. मुळात हाकच कुणी मारत नसे, ही गोष्ट वेगळी. दाराची बेल वाजली तर ती बहुधा चुकून. त्यामुळे मुलगी परगावी जाताना आपला कुत्रा, जाड्या, पंधरवड्यासाठी सोडून गेली तेव्हा बाई "नसती ब्याद!" म्हणाल्या आणि दार लावून त्याच्याशी तासभर बोलत बसल्या. जाड्याने एकदाही "आई, हे तू मागेच सांगितलंस" म्हटलं नाही.

अडचण एकच, खाजेची गोळी. पावात लपवली की जाड्या पाव खाई आणि गोळी तेवढी फरशीवर काढून ठेवी, निवडून. पण बाईंनी वॉर्डात भलेभले हेकट म्हातारे वठणीवर आणले होते. त्यांचा हातखंडा उपाय म्हणजे बेदाणा. कोमट पाण्यात फुगवायचा, पोटाला चीर द्यायची, गोळीचा तुकडा आत सरकवायचा. आगेमागे नुसते बेदाणेही द्यायचे, म्हणजे रोग्याला संशय येत नाही. जाड्यालाही आला नाही. उलट त्याने शेपूट हलवत आणखी मागितले, आणि बाईंनी मूठभर दिले. त्यांच्या हातचं कुणी मागून खाल्लं, त्याला जमाना झाला होता.

लगेच मुलीला फोन लावला. "घेतली हो तुझ्या लेकाने गोळी, हूं की चूं न करता!"

"अरे वा! कशातून दिलीस?"

"बेदाण्यातून."

"आई! द्राक्षं, बेदाणे विष असतात कुत्र्यांना! किडनी जाते! सांगितलं होतं ना निघताना?"

"तू चॉकलेटचं सांगितलंस."

"हेही सांगितलं होतं. आधी दवाखान्यात ने त्याला!"

किडनी जाते म्हणजे काय होतं, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. तशाच, घरातल्या चपलांवर, टॅक्सी करून त्यांनी जाड्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

"आणखी काही खाल्लंय? कांदा, लसूण, बिनसाखरेचं च्युइंगम?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"च्युइंगम चघळायला दात आहेत कुणाला आमच्या घरात?"

"बरं. तुम्ही बाहेर बसा, आजी."

जन्मभर हे वाक्य बाईंनीच लोकांना ऐकवलं होतं. ते एवढं जड असतं याची त्यांना कल्पना नव्हती. बाकावर शेजारी एक माणूस मांजराची टोपली घेऊन बसला होता. बाई त्याला काहीतरी सांगणार होत्या, पण तो मोबाइलमध्ये बुडाला होता.

जाड्याला उलटी करवली, सलाइन लावलं, दवाखान्यातच ठेवून रक्त तपासत राहिले. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनी शाबूत आहे. वेळेवर आणलंत." बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मुलीला फोन केला.

"सुटले बाई!" मुलगी म्हणाली. "आता मी येईपर्यंत त्याला तिथेच राहू दे. मागे कुत्र्यांची राहायची सोय आहे त्यांची."

"मी बेदाण्याचा डबाच टाकून दिलाय गं."

"तसं नाही, आई. उगाच तुला त्रास."

"मला कसला त्रास?"

"आई, प्लीज."

बाईंनी फोन ठेवला. मागच्या जाळीतून जाड्या त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या बाजूने तरी तक्रार दिसत नव्हती.

"डॉक्टर, भेटायची वेळ काय असते?"

"कुत्र्यांना? अशी वेळ नाही ठेवलेली, आजी. कुणी येतच नाही."

"मग मी चारला येत जाईन," बाई म्हणाल्या. "रिकाम्या हाताने."