येईलही
आमच्या संस्थेत कार्यक्रम आखायचा, त्याची जाहिरात करायची आणि तो कितपत साधला याचा अहवाल लिहायचा, ही तिन्ही कामं माझ्याच गळ्यात. त्या वर्षी अवयवदानावर जाहीर सभा ठरली. पत्रकावर तीन नामांकित डॉक्टर असूनही दहा दिवसांत नोंदणी झाली जेमतेम एकतीस जणांची. सभागृह होतं तीनशेचं.

"डॉक्टरांना ऐकायला कोण येतंय?" साहेब म्हणाले. "एखादी आई आण."

म्हणून मी शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी अपघातात गेली होती. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. ती जगत नाही हे कळल्यावर काकूंनी तिचं हृदय आणि दोन्ही मूत्रपिंडं दान केली होती.

"मला नाही जमायचं हो," मशीनवरून मान वर न करता त्या म्हणाल्या. "चारचौघांत माझी बोबडी वळते."

मी पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा उठता उठता बोलून गेले, "काकू, एवढी माणसं येणार. कुणी सांगावं, चिमणीचं हृदय ज्याला मिळालं, तोही येईल."

मशीन थांबलं. "खरंच येईल?"

अवयव कुणाचा, कुणाला गेला, हे दोन्हीकडे गुप्त ठेवतात. हा नियम मला तोंडपाठ होता. तरी मी म्हटलं, "येईलही."

चिमणीचा हसरा फोटो बसथांब्यांवर लागला. आठवड्याभरात आम्हाला नोंदणी बंद करावी लागली.

काकूंना सात मिनिटं दिली होती. त्या बावीस मिनिटं बोलल्या आणि मला घंटा वाजवायचा धीर झाला नाही. चिमणी बटणं लावायचा कंटाळा कशी करायची, रुसली की कापडाच्या ढिगात तोंड खुपसून कशी बसायची, सगळं सांगितलं. बोबडी कुठली वळतेय! लोक हुंदके देत होते. मी मागे उभी राहून मनातल्या मनात खूश होते.

सभा संपली, माणसं पांगली. कामगार खुर्च्या एकात एक घालायला लागले. काकू मात्र व्यासपीठाच्या पायरीवर बसून होत्या.

"काकू, गाडी आलीय."

"थांबते जरा. गर्दीत बोलायला संकोच वाटतो एखाद्याला. आता येईल."

"कोण?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मी त्यांच्याशेजारी बसले आणि नियम सांगितला.

"म्हणजे तो इथे असता, तरी मला कळलं नसतं?"

"नाही."

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"त्या खिडकीपाशी एक दाढीवाले गृहस्थ होते," काकू म्हणाल्या. "सारखा छातीवर हात ठेवत होते. मला वाटलं, तेच. मी सगळं त्यांच्याकडे बघून बोलले हो."

अभिप्रायांत सभेला पाचपैकी चार पूर्णांक आठ गुण मिळाले. अहवालात 'काय चुकलं' या मथळ्याखाली मी घडलं ते लिहिलं. साहेबांनी तो परिच्छेद खोडला. "एकशे सदतीस जणांनी अर्ज भरलेत, ते बघ. पुढच्या सभेलाही याच बाई हव्यात."

मी नाही म्हटलं, आणि ते काकूंना सांगायला त्यांच्या घरी गेले. त्या कुणाच्या तरी कुडत्याची बाही उसवत होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"किती जणांनी अर्ज भरले?" त्यांनीच विचारलं.

"एकशे सदतीस."

"बरं झालं. कुणाची तरी लेकरं वाचतील." दोरा ओढता ओढता त्या थांबल्या. "ती गेली, हे मी कसंबसं गिळलं होतं हो. तुम्ही 'येईलही' म्हणालात, आणि महिनाभर मी रोज तिचीच वाट बघितली."



"या आता," त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं.