राणीचा ग्लास

त्या रसाच्या दुकानात अननसाला अननस म्हणत नसत. गिऱ्हाइकानं काय हवं ते म्हणावं, पण गल्ल्यावरून काकूंची हाक जायची ती 'एक राणी' अशीच, आणि मागे यंत्राशी उभे असलेले काका ग्लास भरायचे. डोक्यावर तुरा मिरवतो म्हणून राणी, असं ते नव्या माणसाला हसत सांगत. खरं कारण वेगळं होतं आणि ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकूंना दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्यांनी अख्खा अननस कापला, वर मीठ भुरभुरलं आणि मिटक्या मारत संपवला. त्याच आठवड्यात पोटातलं गेलं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "अननस खाल्लास, पोर खाल्लंस." काका तेवढे बोलले नाहीत. उलट चारचौघांत म्हणाले, "जाऊ द्या, तिला काय कळत होतं. मी माफ केलंय तिला." वर बायकोच्या कानावर तो शब्द पडू नये म्हणून फळाचं नावच बदललं. केवढं मोठं मन, असं लोक म्हणाले. काकूही म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

पुढे मुलगा झाला, मोठा झाला, फळांचा ट्रक चालवू लागला. काकू रोज अननस सोलायच्या, सुरीच्या टोकानं त्याचे डोळे काढायच्या, पण एक फोड कधी जिभेवर ठेवली नाही. घरात काही वाद झाला, काकूंचा आवाज जरा चढला, की काका शांतपणे म्हणत, "मी कधी काही बोललो का तुला?" मग काकू गप्प बसत. असल्या माफीचं एक बरं असतं, एकदा दिली की जन्मभर वापरता येते.

आता सुनेला चौथा महिना लागला होता. काकूंना लेक नव्हती, त्यामुळे सुनेचं कौतुक असं उतू जायला लागलं की 'सूनबाई'ची 'माझी राणी' कधी झाली, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. घोटाळा झाला तो तिथंच.

त्या दिवशी भर दुपारी दुकानात ही गर्दी. सून जिना उतरून मागच्या स्टुलावर येऊन बसली. काकूंनी गल्ल्यावरूनच आवाज दिला, "राणीचा ग्लास भरा हो." त्यांच्या डोळ्यांसमोर सुनेसाठी वेगळा गाळून ठेवलेला संत्र्याचा रस होता. काकांची पाठ गल्ल्याकडे. त्यांनी ऐकलं तसा ग्लास भरला, फळीवर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला लागले. सुनेनं तो उचलला.

"आई, आज रस काय छान झालाय," ती म्हणाली. "जिभेला जरा चुरचुरतंय मात्र."

काकूंनी मागे वळून पाहिलं. रिकाम्या ग्लासाच्या कडेला पिवळा फेस होता. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. काय बोलणार, आणि कोणत्या तोंडानं? उगाच पोर घाबरेल म्हणून त्या सुटे पैसे देत राहिल्या आणि दर घटकेला मागे बघत राहिल्या. ऊन कलायच्या आत सून न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंतीला धरून.

"आई, डाग दिसतोय."

काकांनी यंत्र बंद केलं. "काय खाल्लं होतं हिनं?"

"तुम्ही दिलेला ग्लास," काकू म्हणाल्या.

"तूच म्हणालीस, राणीचा ग्लास भरा."

"मी पोरीबद्दल म्हणत होते."

"मला काय स्वप्न पडणार?" काका म्हणाले. मग सुनेकडे पाहून त्यांनी बायकोपुरता आवाज खाली आणला. "असो. मी तुला काही बोलणार नाही."

टॅक्सीत सुनेनं काकूंचा हात घट्ट धरला होता. काका पुढच्या सीटवर होते. काकूंचा जीव टांगणीला लागलेला. हे गेलं तर माझ्याच तोंडानं गेलं, दुसऱ्यांदा, एवढा एकच विचार डोक्यात घुमत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सून हळूच म्हणाली, "माझंच चुकलं, आई. मला चव कळायला हवी होती." ते ऐकून काकूंच्या काळजात चर्र झालं. पोरीनं इतक्या लवकर गुन्हा पदरात घ्यावा?

"तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. इतक्या जोरात, की काकांनी मान वळवली.

दवाखान्यात काका बाहेरच्या बाकावर बसले. आत डॉक्टरीणबाई सुनेच्या पोटावर यंत्र फिरवत होत्या. पडद्यावर सगळं करडं. काकूंना आपलाच श्वास ऐकू येत होता.

"मी हिला अननस दिला," त्या एकदम म्हणाल्या. "ग्लासभर रस. माझ्या हातून झालं."

डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं. खोलीत धावल्यासारखी धडधड ऐकू येऊ लागली. "हे ठोके. बाळ उत्तम आहे. कधी कधी असा डाग दिसतो. चार दिवस आराम करा, वाढला तर लगेच या. आणि अननसाचं काय म्हणालात?"

काकूंनी पुन्हा सांगितलं.

"ग्लासभर रसानं काही होत नाही हो. लोहाची गोळी घेते ना ही? अननसातलं क जीवनसत्त्व ते लोह अंगी लागायला मदत करतं. रसापेक्षा फोडी खाल्ल्या तर चोथाही पोटात जातो, पोट साफ राहतं. फार खाल्ला तर जळजळेल. त्यातल्या पाचक रसानं जीभ चुरचुरते, पण पोटात गेल्यावर त्याचा जोर राहत नाही. खाऊ दे बिनधास्त."

सून रडता रडता हसली. काकू हसल्या नाहीत.

"अख्खा खाल्ला तर?"

"पोट दुखेल फार तर."

"आणि तिसऱ्या महिन्यात? मूल गेलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. "त्या महिन्यांत जातात ती बहुतेक गर्भाची घडणच नीट झालेली नसते म्हणून. आईच्या खाण्यानं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, एवढंच. कुणाचं गेलं होतं?"

"माझं," काकू म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा काकू त्या मुलासाठी रडल्या. आजवर फक्त गुन्ह्यासाठी रडत आल्या होत्या. सून उठून बसली आणि तिनं सासूला जवळ घेतलं.

डोळे पुसून काकू बाहेर आल्या. काका उठून उभे राहिले.

"बाळ सुखरूप आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांचेही डोळे भरून आले होते, नाही असं नाही. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं, अगदी मनापासून म्हणाले, "आता मनाला लावून घेऊ नकोस. हेही माफ आणि तेही. मी तर तुला केव्हाच माफ केलंय."

काकूंनी खांद्यावरचा हात उचलून बाजूला केला.

"कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. आयुष्यभर तयार असलेलं उत्तर ओठांवर आलं आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून तिथंच थांबलं. काकू उत्तरासाठी उभ्या राहिल्या. त्यांना आता कसलीच घाई नव्हती.